वरून सोडलेला दोर



उत्तरेश्वराच्या या केम गावात कुठेही उभे राहिले तरी नजर थेट शिवाराच्या टोकापर्यंत जाते. मध्ये कडा नाही, सुळका नाही. अशा ठिकाणी दीक्षान्त भाषणाला कातळ चढणाऱ्या माणसांचा विषय घेणे काहींना विचित्र वाटेल. पण केमच्या रानातली काळी माती म्हणजे सह्याद्रीच्याच काळ्या कातळाची हजारो वर्षांची झीज आहे. ज्या दगडावर आरोहकाची बोटे टेकतात, त्याच दगडाच्या भुकटीत आपली ज्वारी उगवते. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे. पदवी देताना तुम्हाला नेहमी सांगितले जाते, की डोळ्यांपुढे थोर आदर्श ठेवा. आदर्श म्हणजे कोणत्या प्रकारचा माणूस, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. कातळावर हा प्रश्न मोघम ठेवून चालत नाही, कारण तिथे चुकीच्या माणसाचे अनुकरण केले तर हातपाय मोडतात, जीवही जातो. म्हणून आरोहक घडतो कोणामुळे, हे जरा बारकाईने पाहू.

माझे म्हणणे असे आहे. आरोहकाला जे माणूस खरोखर चढायला लावते, ते शिखरावर हात उंचावून उभे असलेले माणूस असतेच असे नाही. वर पोहोचल्यावर जे माणूस मागच्यासाठी दोर खाली सोडते, त्याचा परिणाम अधिक खोल जातो आणि अधिक काळ टिकतो. मराठी मुलखातला कडा चढण्याचा सर्वांत प्रसिद्ध प्रसंगच याला साक्षी आहे. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री तानाजी मालुसऱ्यांनी कोंढाणा घेतला, हे तिसरीतल्या मुलालाही ठाऊक असते. त्या रात्रीचे जुने वर्णन कृष्णाजी अनंत सभासदाच्या बखरीत आहे. राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून जिंजीला, १६९७ च्या सुमारास, ती लिहिली गेली. त्या वर्णनात दोर घेऊन कडा चढणारी यशवंती घोरपड नाही. दोन निवडक मावळे अंधारात कडा चढून गेले, वर जाऊन त्यांनी माळ, म्हणजे दोराची शिडी, लावली आणि त्या माळेवरून तीनशे माणसे गडावर चढली, असे सभासद सांगतो. घोरपड पुढे पोवाड्यातून आली आणि घरोघर पोहोचली. त्या दोन मावळ्यांची नावे मात्र बखरीत नाहीत. जरा थांबून विचार करा: त्या रात्री बिनदोराने कडा चढले ते दोघेच. बाकी सारे, स्वतः तानाजीसुद्धा, त्यांनी बांधलेल्या दोरावरून वर आले. तानाजींच्या पराक्रमाला याने तसूभरही उणेपणा येत नाही. लढाई त्यांनी लढली, प्राण त्यांनी दिले. पण कड्यापुरते बोलायचे तर तीनशे माणसांना वर नेणारी गोष्ट होती ती माळ.

यावर एक आक्षेप लगेच येईल आणि तो वजनदार आहे. कोणी म्हणेल, बखरीतला तपशील अभ्यासकांसाठी ठीक, पण पोराच्या मनात ठिणगी पडते ती यशवंती घोरपडीने, हिरकणीने. रायगडाचे दरवाजे बंद झाले, घरी तान्हे बाळ, आणि दूध विकायला आलेली गवळण कोजागरीच्या चांदण्यात कडा उतरून गेली, ही कथा काढून टाकली तर उरेल काय? मला ती काढून टाकायची नाही. हिरकणीच्या कथेला समकालीन कागदाचा आधार नसला तरी त्या नावाचा बुरूज रायगडावर उभा आहे, आणि सह्याद्रीत भटकणाऱ्या कितीतरी मुलींना पहिल्यांदा घराबाहेर पडायचे बळ त्या नावाने दिले असणार. पण कथेचे काम कुठपर्यंत चालते हे पाहिले पाहिजे. ती आपल्याला कड्याच्या पायथ्यापर्यंत आणते. पायथ्याशी उभे राहिल्यावर पहिली पकड कुठे, सैल दगड कोणता, गवताच्या झुपक्याला हात घालायचा की नाही, हे ती सांगत नाही. उलट माया असली, धाडस असले की पुरे, अशी एक समजूत ती मागे ठेवू शकते, आणि कातळ त्या समजुतीला दाद देत नाही. म्हणून ठिणगीचे श्रेय कथेला देऊ, पण चूल पेटती ठेवण्याचे श्रेय दुसऱ्यांना द्यावे लागेल.

जगातल्या सर्वांत गाजलेल्या चढाईतही हेच दिसते. एडमंड हिलरी आणि तेनझिंग नोर्गे २९ मे १९५३ रोजी एव्हरेस्टवर पोहोचले. त्याच्या तीनच दिवस आधी, २६ मे रोजी, त्याच मोहिमेतले चार्ल्स इव्हान्स आणि टॉम बुर्डिलन दक्षिण शिखरापर्यंत गेले होते. माथा तिथून शंभर मीटरही उंच नव्हता. प्राणवायू आणि वेळ दोन्ही पुरणार नाहीत हे ओळखून ते मागे फिरले. पण उरलेल्या प्राणवायूच्या टाक्या त्यांनी वर ठेवल्या आणि पुढची वाट कशी दिसते ते खाली येऊन सांगितले. त्या टाक्या हिलरी-तेनझिंग यांना परतताना उपयोगी पडल्या. इव्हान्स आणि बुर्डिलन यांची नावे आपल्या पाठ्यपुस्तकांत सहसा दिसत नाहीत, पण चढाई समजणारा माणूस त्या दोघांचे नाव आदराने घेतो. वेळेवर माघारी फिरण्याची अक्कल आणि मागच्याचा विचार, या दोन गोष्टी त्यांच्याकडून शिकण्यासारख्या आहेत.

आता आपल्या सह्याद्रीत येऊ. १८१८ मध्ये मराठी राज्य गेल्यावर इंग्रजांनी अनेक किल्ल्यांच्या पायऱ्या सुरुंग लावून उडवल्या. अलंग आणि मदन या किल्ल्यांवर जाताना आजही काही टप्पे दोर लावूनच पार करावे लागतात, ते त्यामुळेच. म्हणजे जिथे पूर्वी डोक्यावर ओझे घेऊन माणसे चालत जात, तिथे आता चढाई आली. या तुटलेल्या वाटा पुन्हा जोडण्याचे काम स्वातंत्र्यानंतर हौशी संस्थांनी केले. १९५४ मध्ये मुंबईत गिरिविहार निघाली, १९८२ मध्ये पुण्यात गिरिप्रेमी. लिंगाणा, जीवधनजवळचा वानरलिंगी, तैलबैलाच्या भिंती, हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा ही नावे आरोहकांच्या तोंडी बसली ती अशा संस्थांतून शनिवार-रविवारची सुटी साधून निघणाऱ्या माणसांमुळे. त्यांत बँकेतले कारकून होते, कारखान्यातले कामगार होते, शिक्षक आणि विद्यार्थी होते. विजेवर चालणारे ड्रिल हाती नव्हते त्या काळी आघाडीचा आरोहक कड्यावर लटकून एका हातात पोलादी ड्रिल आणि दुसऱ्या हातात हातोडा धरून भोक पाडत असे. एक ठोका, ड्रिल थोडे फिरवायचे, पुन्हा ठोका. मधून वाकून भोकातली पूड फुंकायची. अंगठ्याएवढ्या खोलीसाठी किती ठोके लागत, ते ज्याच्या खांद्याला ठाऊक त्यालाच ठाऊक. मग त्यात मेख बसायची. ती मेख त्याला स्वतःला एकदाच लागायची. मागून येणाऱ्या कितीतरी जणांचा भार तिने पुढे वर्षानुवर्षे घेतला. सह्याद्रीतल्या पावसाने त्या मेखा गंजतात. गंजलेल्या काढून नव्या बसवण्याचे कामही आरोहकच करतात. त्या कामाचा फोटो कोणी भिंतीवर लावत नाही.

आणि एक माणूस या सगळ्यात नेहमी नजरेआड राहतो, तो म्हणजे बिले देणारा. चढणाऱ्याच्या कमरेला बांधलेल्या दोराचे दुसरे टोक त्याच्याकडे असते. त्याचा एक हात दोर सोडत किंवा ओढत असतो. दुसरा, ब्रेकचा हात, दोरावरून एक क्षणही सुटत नाही. मान वर, डोळे वरच्याच्या पायांवर. उन्हात, मुंग्या चावत असताना, तासन्तास. वरचा निसटला तर दोर तिथेच आवळला जातो. आरोहकांना तुम्ही विचारा, कोणाच्या विश्वासावर अवघड टप्पा चढलात? बहुतेकांच्या तोंडून जगप्रसिद्ध नावाआधी या खालच्या माणसाचे नाव येईल, अशी माझी खात्री आहे.

दोर फक्त नायलॉनचाच असतो असे नाही. गोपाळ नीलकंठ दांडेकरांनी, म्हणजे आपल्या गोनीदांनी, आयुष्यभर किल्ले पायाखाली घातले आणि ‘दुर्गभ्रमणगाथा’ लिहिली. आनंद पाळंदे यांचे ‘डोंगरयात्रा’ आणि हरीश कापडिया यांचे सह्याद्रीवरील मार्गदर्शक पुस्तक सॅकमध्ये घेऊन पिढ्या डोंगरात गेल्या. या पुस्तकांनी वाचणाऱ्याला वाट दिली, पायथ्याचे गाव दिले. आपल्याला सापडलेली वाट दुसऱ्याला सांगून टाकणे हा मोठा स्वभाव आहे. त्यांच्याही आधी पायथ्याच्या वस्त्यांतले ठाकर आणि महादेव कोळी होते. गुरांमागे, मधासाठी, सरपणासाठी ते या वाटांनी पिढ्यान्पिढ्या जात होते आणि शहरातून आलेल्या भटक्याला बोट करून दाखवत होते. त्यांचे ऋण आपण पुरेसे मानलेले नाही, असे मला स्पष्ट म्हणायचे आहे.

नेतृत्वातही हाच धागा दिसतो. मे १९९८ मध्ये सुरेंद्र चव्हाण एव्हरेस्टवर पोहोचले, असा मान मिळवणारे ते पहिले महाराष्ट्रीय. त्या मोहिमेचे नेते होते हृषीकेश यादव. २०१२ मध्ये गिरिप्रेमीचे आठ आरोहक एकाच मोहिमेत एव्हरेस्टवर गेले. नेते होते उमेश झिरपे, आणि त्या आठ जणांत त्यांचे स्वतःचे नाव नाही. पैसा उभा करणे, माणसे निवडणे, हवामान पाहून कोणाला कधी सोडायचे आणि कोणाला परत बोलवायचे हे ठरवणे, हे काम खाली राहूनच होते.

इथे दुसरा आक्षेप येतो आणि तो आईवडिलांच्या मनातला आहे: ज्या खेळात कसलेले माणूसही जाते, त्याची प्रेरणा मुलांना द्यावीच कशाला? जानेवारी २०२० मध्ये अरुण सावंत यांचा कोकणकड्यावर मृत्यू झाला. दशकानुदशके सह्याद्री जगलेले, असंख्यांना शिकवलेले ते आरोहक. ही भीती खोटी आहे असे मी म्हणणार नाही. पण धोका कुठून वाढतो ते पाहा. हरिहरच्या उभ्या पायऱ्यांवर सुटीच्या दिवशी जी गर्दी लोटते, ती बहुतेक फोटो पाहून आलेली असते. फोटो माथा दाखवतो; उतरताना गुडघे कसे थरथरतात, पावसात त्या खोबण्या किती निसरड्या होतात, हे तो दाखवत नाही. गुरू आधी गाठ बांधायला शिकवतो, मग ती दुसऱ्याकडून तपासून घ्यायला शिकवतो, आणि ढग भरून आले की माथा समोर दिसत असतानाही मागे वळायला लावतो. प्रेरणा वर्ज्य करून मुले घरी बसत नाहीत. ती शिकवणाऱ्याविना जातात. म्हणून प्रेरणेबरोबर शिकवणारा हात हवा, असा माझा आग्रह आहे.

शेवटचा आक्षेप तुमच्या चेहऱ्यांवर मला आधीच दिसतो आहे. हे सगळे पुण्या-मुंबईचे. केमच्या, करमाळ्याच्या पोरांचे काय? २०१४ मध्ये आजच्या तेलंगणातल्या पाकाला गावची मालावत पूर्णा, शेतमजुराची मुलगी, चौदावे वर्ष पुरे होण्याआधी एव्हरेस्टवर पोहोचली. ती शिकत होती सरकारी निवासी शाळेत. चढाईचे पहिले धडे तिने भोनगीरच्या कातळावर गिरवले, कारण त्या शाळांचे काम पाहणाऱ्या आर. एस. प्रवीणकुमार या अधिकाऱ्याने हा दरवाजा आपल्या मुलांसाठी उघडला होता. चारच वर्षांनी, मे २०१८ मध्ये, तेलंगणाला लागून असलेल्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांतले पाच आदिवासी विद्यार्थी त्याच शिखरावर पोहोचले. एकीने सोडलेला दोर राज्याची सीमा ओलांडून आला तो असा. आणि आपल्याच जिल्ह्यातले, सोलापूरचे आनंद बनसोडे २०१२ मध्येच तिथे जाऊन आले आहेत. जन्मगावी डोंगर असणे ही अट यांतल्या कोणालाच लागू झाली नाही. लागला तो वाट दाखवणारा एक माणूस आणि वाटेतली एक शाळा.

केमला हे समजावून सांगण्याची गरजही नसावी. इथले कुंकू पंढरपूर-तुळजापूरच्या दुकानांत जाते आणि तिथून कुठल्या कुठे. हळदीचा पिवळा रंग चुन्यासारख्या क्षाराच्या स्पर्शाने लाल होतो, हे या गावातल्या कितीतरी हातांना पुस्तकाआधी ठाऊक होते. लाली बाहेरून ओतलेली नसते, ती हळदीतच असते; पण क्षार मिळेपर्यंत ती दिसत नाही. चांगल्या गुरूचा, चांगल्या सोबत्याचा परिणाम मला असाच वाटतो. आणि कपाळावर कुंकू लावणाऱ्याला ते कोणी कालवले, कोणी चाळले, हे माहीत नसते.

तुमच्यापैकी अनेक जण येत्या काही महिन्यांत केमच्या स्टेशनवरून पुण्याची किंवा सोलापूरची गाडी पकडतील. कोणी नोकरीला, कोणी पुढच्या शिक्षणाला. तुमच्या मागच्या वर्गात एखादी मुलगी अशी आहे, जिच्या घरातून आजवर कोणी गावाबाहेर शिकायला गेलेले नाही. प्रवेशाचा अर्ज कधी निघतो, शिष्यवृत्तीला कोणते दाखले लागतात, तहसीलला किती दिवस आधी जावे लागते, वसतिगृहात खोली कशी मिळते, हे तिला ठाऊक नाही. तुम्हाला पहिल्या सहा महिन्यांत ठाऊक होईल. ते एका वहीत लिहा, आणि दिवाळीला गावी याल तेव्हा ती वही तिच्या हातात द्या.