पीई एन्व्हायर्नमेंटल : जी वही आत नेता येत नाही, ती कशी बनवायची?

आजचा भाग पीई एन्व्हायर्नमेंटल परीक्षेच्या अभ्यास-साहित्यावर. ज्यांना ही परीक्षा नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पीई म्हणजे प्रोफेशनल इंजिनीअर. आपल्याकडे बी.ई.ची पदवी हातात आली की आपण नावाआधी 'इंजि.' लावायला मोकळे. अमेरिकेत सांडपाणी प्रकल्पाच्या आराखड्यावर सही-शिक्का मारायचा तर राज्याचं लायसन्स लागतं. त्यासाठी साधारणपणे आधी एफई परीक्षा, मग कामाचा अनुभव आणि पीई. इथून एम.एस.ला गेलेली आपली बरीच मुलंमुली नोकरी सांभाळून तिची तयारी करतात.

आता या सगळ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "नोट्स आहेत का कुणाकडे?"

थांबा जरा. पूर्वी ही परीक्षा कागदावर व्हायची आणि पुस्तकं सोबत नेता यायची. लोक चाकांच्या बॅगा भरभरून पुस्तकं न्यायचे, पानांना रंगीत चिठ्ठ्या लावलेल्या असायच्या. २०१९ पासून परीक्षा कॉम्प्युटरवर आली आणि ते सगळं संपलं. आता तुमची वही बाहेर लॉकरमध्ये राहते. आत स्क्रीनवर एकच गोष्ट मिळते : परीक्षा घेणाऱ्या एनसीईईएस या संस्थेचं रेफरन्स हँडबुक. कच्च्या कामासाठी पुसता येणारी वही आणि मार्कर तेच देतात. ८० प्रश्न, ८ तास. म्हणजे एका प्रश्नाला सरासरी ६ मिनिटं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की नोट्स हँडबुकाला पर्याय म्हणून काढू नका. ते हँडबुक तुमच्या हाताला वळण लावेल अशा नोट्स काढा. त्यासाठी तीन गोष्टी पुरतात.

पहिली गोष्ट, नकाशा. एनसीईईएसच्या साइटवर खातं उघडलं की हँडबुकाची पीडीएफ फुकट मिळते. सोबत परीक्षेचा आराखडाही मिळतो. पाणी, हवा, घनकचरा आणि घातक कचरा, प्रदूषित जागांची तपासणी-सफाई, अशा कुठल्या विषयावर साधारण किती प्रश्न येतात ते त्यात दिलेलं असतं. दोन्ही शेजारी ठेवा. आराखड्यातल्या प्रत्येक मुद्द्यापुढे लिहा : हँडबुकात हे कुठल्या प्रकरणात आहे आणि कुठला शब्द सर्च केला की सापडतं. हे काम कंटाळवाणं आहे, पण करायचंच. 'बीओडी' टाइप केलं की ढीगभर जागा निघतात, त्यात तुमची ६ मिनिटं कधी संपली कळत नाही. आणि कॉलेजात आपण ज्या नावाने सूत्र शिकलो, जी अक्षरं वापरली, तीच तिथे असतील असं नाही. तेव्हा सूत्राखालच्या चिन्हांचे अर्थ आणि एककं वाचायची सवय आत्ताच लावा.

दुसरी गोष्ट, एककांचं पान. आपली मुलं खरी अडकतात ती इथे. आपण घनमीटर आणि किलोग्रॅममध्ये वाढलो. तिकडे गॅलन, पाउंड आणि एमजीडी, म्हणजे दिवसाला दशलक्ष गॅलन. परीक्षेत दोन्ही पद्धती येतात. एक उदाहरण घेऊ. प्रवाह २ एमजीडी, बीओडी २०० मिलिग्रॅम प्रति लिटर. रोजचा भार किती? २ गुणिले २०० गुणिले ८.३४, म्हणजे ३,३३६ पाउंड. हा ८.३४ आकडा म्हणजे एक गॅलन पाण्याचं पाउंडातलं वजन. आता तेच गणित आपल्या पद्धतीने करा. २ एमजीडी म्हणजे सुमारे ७,५७० घनमीटर, त्यावरून भार येतो साधारण १,५१४ किलो. त्याचे पाउंड करून बघा, जुळतं. अशी वीस गणितं दोन्ही पद्धतींनी सोडवा. मग एखादं उत्तर चुकीच्या पट्टीतलं असलं तर डोळ्यांना लगेच खटकेल.

तिसरी गोष्ट, चुकांची वही. सोडवलेल्या गणितांची नाही हं, फक्त चुकलेल्यांची! आणि 'सिली मिस्टेक' असं लिहून मोकळं व्हायचं नाही. नेमकं काय झालं ते लिहायचं. समजा, सल्फर डायऑक्साइड १ पीपीएम आहे, तर मिलिग्रॅम प्रति घनमीटर किती? रेणुभार ६४. २५ अंश सेल्सिअस आणि एक वातावरण दाबाला भागायचं २४.४५ ने, उत्तर २.६२. पण पाठ असलेल्या २२.४ ने भागलं तर येतं २.८६, कारण तो आकडा शून्य अंशाचा आहे. पर्यायांमध्ये असं चुकीच्या वाटेने येणारं उत्तरही असू शकतं. तेव्हा वहीत एकच ओळ : "वायू दिसला की आधी तापमान बघ." अशा चाळीस-पन्नास ओळी जमल्या की शेवटच्या आठवड्यात तेवढंच वाचायचं.

कॅल्क्युलेटरचं विचाराल, तर आनंदाची बातमी आहे. आपल्या इंजिनीअरिंगच्या दप्तरातला कॅसिओ एफएक्स-९९१ तिथे चालतो. ज्याच्या नावात एफएक्स-९९१ आहे असं मॉडेल मान्य यादीत बसतं. तरी परीक्षेआधी यादी एकदा बघून घ्या.

आता थोडं अवघड बोलतो. आपण 'अपेक्षित' आणि 'आयएमपी' वर वाढलेली पिढी. त्यामुळे कुणीतरी परीक्षा देऊन आलं की ग्रुपवर मेसेज पडतो : "आठवतील ते प्रश्न टाक ना." हे करू नका. परीक्षेआधी गुप्ततेच्या करारावर संमती घेतात. प्रश्न बाहेर सांगितले तर निकाल रद्द होण्यापर्यंत वेळ येऊ शकते. व्हिसा आणि नोकरी ज्याच्या डोक्यावर टांगलेली आहे त्याला ते परवडत नाही. मागणारा मित्र असला तरी "नाही रे, ते नको" म्हणा आणि त्याऐवजी स्वतः रचलेली गणितं पाठवा. गणित रचताना विषय जितका कळतो तितका सोडवताना कळत नाही.

आणि लायसन्स आलं कुठून तेही बघा. अमेरिकेत इंजिनीअरांच्या लायसन्सचा पहिला कायदा १९०७ साली वायोमिंग राज्यात झाला, तोही पाण्यावरून. सिंचनाच्या पाण्यासाठी येणाऱ्या अर्जांबरोबरचे नकाशे इतके गचाळ असायचे, न शिकलेले लोक इंजिनीअर म्हणून सह्या ठोकायचे, की राज्याचे मुख्य इंजिनीअर क्लॅरेन्स जॉन्स्टन यांनी कायद्याचा आग्रह धरला. तुमच्या सहीखालून उद्या कुणाच्या तरी नळाला पाणी येणार आहे. ते फोडलेल्या प्रश्नांच्या जोरावर येऊ नये, इतकंच.

तर या आठवड्याचं काम : हँडबुक आणि आराखडा डाउनलोड करा, सगळ्यात जास्त प्रश्नांचा विषय निवडा आणि त्याचा नकाशा पूर्ण करा. नवं पुस्तक त्यानंतरच विकत घ्या. हा भाग तुमच्या एम.एस.वाल्या मित्रमैत्रिणींना नक्की पाठवा. भेटू पुढच्या भागात. तोवर अभ्यास करा, झोपही घ्या!