चिकटवलेला कागद आणि काढलेली रेघ



कात्रणे चिकटवून केलेल्या चित्राला चित्र म्हणावे काय, असे आम्हांला पुष्कळदा विचारले जाते. विचारण्यात उपहास असतो. पण प्रश्न खोटा नाही.

हा वाद शंभरांहून अधिक वर्षांचा आहे. १९१२ साली ब्राकने कोळशाच्या रेखाचित्रात लाकडाची नक्कल छापलेला भिंतीचा कागद डकवला. त्याच वर्षी पिकासोने वेताच्या विणीची छपाई असलेले मेणकापड चित्रात बसवले. रेघ वस्तूचा आभास करते. डकवलेला तुकडा मात्र बाहेरच्या जगातून स्वतः चालत आलेला असतो. तो साक्षीदार होय.

ह्या साक्षीदाराचे आजचे काम पाहावयाचे, तर न्जिडेका अकुन्यिली क्रॉस्बी ह्यांची चित्रे पाहावीत. ह्यांचा जन्म १९८३ सालचा, नायजेरियातील एनुगूचा. १९९९ साली त्या अमेरिकेत आल्या. भल्या मोठ्या कागदावर त्या घरातली खोली काढतात: टेबल, खुर्ची, बसलेली माणसे. साधने म्हणजे रंगीत पेन्सिली, कोळसा, ॲक्रिलिक रंग. जवळ जावे, तो भिंत, जमीन, कपडे, कधी अंगसुद्धा लहान लहान छायाचित्रांनी भरलेले! ती असतात घरच्या आल्बमातली आणि नायजेरियन मासिकांतली. छापील प्रत कागदावर पालथी ठेवून, द्रावक लावून घासली की शाई खाली उतरते. छाप उलटी येते, फिकी येते. आठवणी तरी याहून वेगळ्या कुठे असतात?

तिकडे लग्नाला, अंत्यविधीला, निवडणुकीला माणसाचे छायाचित्र छापलेले कापड काढण्याची चाल आहे. तेही काही चित्रांत येते.

आता मूळ प्रश्न. ह्या बाईंना रेघ येत नाही म्हणून का त्या चिकटवतात? मुळीच नाही, माणसांचे चेहरे पाहिले की हाताची तयारी कळते. पण बसलेली माणसे रेघेने दाखवता येतात, सोडून आलेला देश तसा दाखवता येत नाही. तो पुसूनही टाकता येत नाही. म्हणून तो परक्या घराच्या भिंतीत मुरलेला राहतो. रेघ सांगते, आज आपण कुठे बसलो आहोत. छाप सांगते, कुठून आलो.

आपल्यापैकी किती जणांची मुले सातासमुद्रांपलीकडे आहेत! घरच्या ट्रंकेतली जुनी छायाचित्रे, लग्नपत्रिका रद्दीत घालण्यापूर्वी क्षणभर थांबावे, एवढीच आमची विनंती. त्यांत कोणाची तरी भिंत असेल.