निवडणुकीसाठीं लिहिलेलीं चरित्रें

थोर पुरुषाचें चरित्र म्हटलें म्हणजे त्याच्या निधनानंतर एखाद्या विद्वानानें वर्षानुवर्षें खपून सिद्ध केलेला जाडजूड ग्रंथ डोळ्यांपुढें उभा राहतो. परंतु चरित्राचा याहून निराळा असा एक प्रकार आहे. नायक हयात आहे, त्याचें मोठेपण अद्याप ठरावयाचें आहे, आणि तें मतदारांनीं ठरवावें एवढ्यासाठीं त्याचें चरित्र घाईघाईनें लिहून स्वस्त कागदावर छापलें जातें. निवडणूक आटोपली कीं त्या पुस्तकाचें काम संपलें. मग तें वाण्याच्या पुड्यांस लागतें, चुलींत जातें, किंवा माळ्यावर पडून वाळवीच्या मुखीं पडतें. हजारोंनीं छापलेलें पुस्तक दुर्मिळ कां होतें, याचें उत्तर यांतच आहे. जें सर्वांजवळ असतें तें कोणीच जपत नाहीं.

अमेरिकेंत राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारांचीं अशीं चरित्रें विपुल निघालीं, आणि आज तीं मोठ्या आस्थेनें जमविणारे संग्राहक तेथें आहेत. या प्रकाराचा आरंभ बहुधा अँड्र्यू जॅक्सनच्या चरित्रापासून धरतात. जॉन रीड यानें तें लिहावयास घेतलें. तो वारल्यावर जॉन ईटन यानें पुरें करून १८१७ सालीं प्रसिद्ध केलें. मूळ ग्रंथ एका सेनापतीच्या पराक्रमाचा. परंतु १८२४ च्या निवडणुकींत जॅक्सन उभा राहिला, तेव्हां ईटननें तोच ग्रंथ सुधारून पुन्हां काढला. त्या वेळीं जॅक्सनला यश आलें नाहीं. १८२८ सालीं आलें, आणि पुढील वर्षीं चरित्रकार ईटन त्याच्या मंत्रिमंडळांत युद्धमंत्री झाला!

लेखणीचा असा मोबदला पुढें मोठमोठ्या साहित्यिकांच्याही पदरांत पडला. नॅथॅनिएल हॉथॉर्न हा अमेरिकेचा नामांकित कादंबरीकार. फ्रँकलिन पिअर्स हा त्याचा कॉलेजांतील स्नेही. १८५२ सालीं पिअर्स उमेदवार झाला, तेव्हां हॉथॉर्ननें त्याचें चरित्र लिहून दिलें. पिअर्स निवडून आला आणि १८५३ सालीं हॉथॉर्नची लिव्हरपूल येथें अमेरिकेचा वकील म्हणून नेमणूक झाली. विल्यम डीन हॉवेल्स यानें १८६० सालीं, वयाच्या अवघ्या तेविसाव्या वर्षीं, अब्राहम लिंकनचें चरित्र लिहिलें. लिंकनला भेटावयास तो स्वतः गेलाही नाहीं. दुसऱ्यानें जमवून आणलेल्या टिपणांवर त्यानें काम भागविलें. त्यालाही पुढील वर्षीं व्हेनिस येथील जागा मिळाली.

येथें कोणी म्हणेल कीं हे सारे भाट. त्यांच्या स्तुतिपाठांना जपून ठेवण्यांत काय अर्थ? शंका रास्त आहे. परंतु याच हॉवेल्सच्या पुस्तकाची एक प्रत सॅम्युएल पार्क्स नांवाच्या स्नेह्यानें लिंकनपुढें ठेवली आणि चुका दाखविण्याची विनंती केली. लिंकननें पेन्सिल घेऊन समासांत स्वतः दुरुस्त्या केल्या. ज्याची स्तुति करावयाची त्यानेंच आपल्या स्तुतींतील खोटें खोडून काढलें! ती प्रत कोणीं रद्दींत टाकली असती तर लिंकनच्या सचोटीचा हा पुरावा जगाला अंतरला असता. ती जपली गेली, म्हणूनच १९३८ सालीं त्या प्रतीची हुबेहूब प्रतिकृति छापतां आली.

१८६० सालींच जॉन स्क्रिप्स या पत्रकारानें लिंकनचें बत्तीस पानांचें छोटेखानी चरित्र लिहिलें. त्यांत लिंकननें प्लूटार्कचीं चरित्रें वाचलीं आहेत असें त्यानें अंदाजानेंच ठोकून दिलें. मागाहून मन खाऊं लागलें, तेव्हां त्यानें लिंकनला कळविलें कीं तो ग्रंथ वाचला नसेल तर आतां तरी वाचून काढावा, म्हणजे विधान खोटें ठरणार नाहीं. निवडणुकीचें चरित्र किती भरंवशाचें आणि किती बेभरंवशाचें, हें या गोष्टीवरून ध्यानांत येतें.

आपल्या महाराष्ट्राला हा प्रकार अगदींच परका नाहीं. सभासदानें शिवछत्रपतींची बखर राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून लिहिली. आश्रयदात्याच्या इच्छेनें लिहिलेलें तें चरित्रच होय. तरी इतिहासकार ती टाकून देत नाहींत, पारखून घेतात. जोतीराव फुले यांनीं तरुणपणीं शिवाजी व जॉर्ज वॉशिंग्टन यांचीं चरित्रें वाचलीं, असें त्यांचे चरित्रकार सांगतात. पुढें १८६९ सालीं त्यांनीं शिवाजीचा पोवाडा रचला आणि १८७३ सालीं ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामांची मुक्तता करणाऱ्या अमेरिकेंतील सदाचारी लोकांना अर्पण केला. दूरदेशच्या अध्यक्षाचें चरित्र एका मराठी तरुणाच्या हातीं पडल्यानें काय घडूं शकतें, याचें हें उदाहरण आहे.

हयात पुढाऱ्याचें चरित्र लोकांपुढें ठेवण्याचा मराठींतील एक ठळक नमुना म्हणजे अवंतिकाबाई गोखले यांनीं १९१८ सालीं प्रसिद्ध केलेलें गांधीजींचें चरित्र. अवंतिकाबाई चंपारण्यांत गांधीजींच्या हाताखालीं काम करून आल्या होत्या. पुस्तकाला प्रस्तावना लोकमान्य टिळकांची. गांधीजी काँग्रेसचे अध्यक्ष झाले ते १९२४ सालीं, बेळगांवच्या अधिवेशनांत. म्हणजे हें चरित्र त्यापूर्वींचें, असहकारितेच्याही आधींचें. पुढें गांधीजींवर शेंकडों ग्रंथ झाले. परंतु ते सर्व, पुढें काय झालें हें ठाऊक असतांना लिहिलेले. १९१८ सालच्या मराठी वाचकाला गांधीजी कसे दिसले, हें त्या जुन्या पुस्तकाइतकें दुसरें कोण सांगणार?

दुसरें उदाहरण सावरकरांच्या ‘जोसेफ मॅझिनी’ या पुस्तकाचें. लंडनमध्यें लिहिलेलें हें पुस्तक १९०७ सालीं प्रसिद्ध झालें, आणि इंग्रज सरकारनें पुढें त्यावर बंदी घातली. ती उठली १९४६ सालीं. अमेरिकेंतील चरित्रें लोकांच्या अनास्थेनें नाहींशीं झालीं. हें पुस्तक सरकारच्या धाकानें दुर्मिळ झालें. ज्यांनीं तें लपवून जपलें, त्यांनीं घरावर झडतीचें संकट ओढवून घेऊन जपलें. तेव्हां पहिल्या आवृत्तीच्या एका प्रतीची किंमत केवळ रुपयांत सांगतां येत नाहीं.

असा संग्रह करण्यास श्रीमंती लागते असें नाहीं; दृष्टि मात्र लागते. पुस्तक हातीं येतांच प्रथम मुखपृष्ठ व त्यामागील पान पाहावें. छापखाना कोणता, आवृत्ति कितवी, मूल्य काय, हें तेथें आढळतें. १८६७ सालच्या पंचविसाव्या कायद्यान्वयें पुस्तकांची नोंद होऊं लागली, आणि पुष्कळ जुन्या मराठी पुस्तकांवर तसा उल्लेखही असतो. शंकर गणेश दाते यांच्या ‘मराठी ग्रंथसूची’ च्या पहिल्या भागांत १८०० पासून १९३७ पर्यंतच्या ग्रंथांची नोंद आहे. तिच्याशीं ताडून पाहिलें म्हणजे हातांतील पुस्तक कोणतें, हें बहुधा उमगतें. जाहिरातीचीं पानें, विकत घेणाऱ्याची सही, समासांतील शेरे यांना कात्री लावूं नये. लिंकनची पेन्सिल समासांतच सांपडली. जुनें पुस्तक नवें दिसावें म्हणून पुन्हां बांधतांना मूळ वेष्टन फेंकून देणें, हा तर संग्राहकाच्या हातून घडणारा मोठाच अपराध.

मुळशी तालुक्यांतील रिह्यासारख्या गांवीं पुस्तकाचा खरा शत्रु पाऊस. चार महिने भिंती ओलावतात, कागदाला बुरशी चढते, पाठोपाठ कसर व वाळवी येतात. पावसाळा सरला कीं पुस्तकें सावलींतील वाऱ्यावर पसरावीं. कडक उन्हांत ठेवूं नयेत. कोरड्या सुती रुमालांत बांधून, आंत वेखंड किंवा वाळलेला कडुनिंबाचा पाला ठेवून, जमिनीपासून व भिंतीपासून दूर अशा फळीवर ठेवावीं. ही युक्ति आपल्या जुन्या दप्तरदारांचीच आहे.

याच तालुक्यांत १९२१ सालीं धरणाविरुद्ध मावळ्यांचा सत्याग्रह झाला आणि पांडुरंग महादेव बापट हे ‘सेनापति’ झाले. त्यानंतर १९३७ च्या निवडणुका झाल्या, १९५२ ची पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली, आणि तेव्हांपासून दर निवडणुकीला पत्रकें व उमेदवारांच्या परिचयपुस्तिका घरोघर येत राहिल्या. मतदानाच्या दुसऱ्या दिवशीं त्यांकडे कोणी पाहत नाहीं. विजयी उमेदवाराची पुस्तिका एखादे वेळीं त्याच्या घरीं तरी राहील. पराभूताची कोण राखणार? परंतु कोणत्या गुणांचें वर्णन केलें म्हणजे मत मिळेल असें त्या काळीं वाटत होतें, कोणती आश्वासनें दिलीं गेलीं आणि त्यांतील किती पाळलीं गेलीं, हें तपासावयाचें झाल्यास दोन्ही पुस्तिका शेजारीं शेजारीं असावयास हव्यात.

श्रोत्यांनीं यंदाच्या दिवाळीच्या सफाईंत माळ्यावरची पेटी रिकामी करतांना एवढेंच करावें. रद्दीवाल्याच्या तराजूंत कागद टाकण्यापूर्वीं त्याचें पहिलें पान वाचावें. त्यावर कोणा पुढाऱ्याचें नांव व सन आढळला तर तो कागद बाजूला काढावा, आणि घरीं जपणें शक्य नसेल तर जवळच्या ग्रंथालयाच्या स्वाधीन करावा.