डॉक्टरांच्या दारापर्यंत



पंचगंगेच्या स्मशानभूमीला शेणी दान करणारं हे आपलं कोल्हापूर आहे. अंत्यसंस्काराचा भार कुणाच्या घरावर पडू नये म्हणून आपली तालीम-मंडळं शेणी गोळा करून पोचवतात. आपल्या शिवाजी पेठेत कुणी गेलं की माणसं आपोआप जमतात, बोलवावं लागत नाही. माणूस गेल्यावर आपण असे धावतो. ज्याला जगणं नकोसं झालंय, त्याच्यापाशी जिवंतपणी कसं पोचायचं, एवढंच मला आज बोलायचं आहे.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात १,७०,९२४ जणांनी आत्महत्या केली. त्यांपैकी २२,७४६ महाराष्ट्रातले, सगळ्या राज्यांत सर्वाधिक. कारणांच्या तक्त्यात कौटुंबिक अडचणी सर्वांत वर आणि त्याखाली आजारपण. कागदावर कारणं अशी वेगवेगळी मांडता येतात. घरात मात्र कर्ज, दारू, भांडण, दुखणं आणि उडालेली झोप एकात एक गुंतलेली असतात. आणि या गुंत्यात पुष्कळदा नैराश्य असतं, ज्यावर उपचार आहेत.

मग माणसं उपचारांपर्यंत पोचत का नाहीत? बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेनं २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय पाहणीत दिसलं, की नैराश्य आणि चिंता यांसारख्या नेहमी आढळणाऱ्या विकारांत शंभरातले सुमारे ८५ जण उपचारांविना राहतात. ‘वेड्याच्या डॉक्टरकडं’ जायची लाज हे एक कारण. ‘बाहेरचं काहीतरी असंल’ म्हणून आधी देवरूषाकडं जाणं हे दुसरं. तिसरी भीती पोलिसांची. ती आता तरी सोडा. मानसिक आरोग्य कायदा २०१७ सालचा, मे २०१८ पासून लागू आहे. आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच या कायद्याचं कलम ११५ धरून चालतं आणि त्याच्या उपचारांची, पुनर्वसनाची जबाबदारी सरकारवर टाकतं. जुन्या दंड संहितेचं कलम ३०९ भारतीय न्याय संहितेत आलेलंच नाही. दवाखान्यात नोंद होईल, चौकशी होईल. पण तिला घाबरून उपचार लांबवू नका.

चौथं कारण आपण विचारातच घेत नाही. ज्याला अंथरुणातून उठून तोंड धुणं जड जातंय, त्याला आपण म्हणतो, ‘सीपीआरला जाऊन दाखव जा.’ त्या सरकारी रुग्णालयात मनोविकार विभाग आहे. पण केसपेपर काढायचा, विभाग शोधायचा, रांगेत थांबायचं, दिवसाची मजुरी बुडवायची आणि परक्या माणसापुढं मन उघडं करायचं, हे सगळं त्यानं एकट्यानं करायचं! पत्ता सांगितला की आपलं काम झालं असं आपल्याला वाटतं. खरं काम तिथून पुढं सुरू होतं.

याचा पुरावा महाराष्ट्रातच आहे. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा प्रकल्प झाला. गावातल्याच कार्यकर्त्यांना शिकवलं, ते घरोघर बोलले, गरज दिसली त्यांना समुपदेशकाशी आणि पुढं मनोविकारतज्ज्ञाशी जोडून दिलं. डॉ. राहुल शिधये, डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये निष्कर्ष छापले. नैराश्य असलेल्यांपैकी उपचार घेणारे आधी शंभरात जेमतेम चार होते. दीड वर्षात ते सत्तावीस झाले.

दुसरा पुरावा जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासाचा. पाच देशांतल्या केंद्रांत एक आपल्या चेन्नईचं होतं. आत्महत्येच्या प्रयत्नातून वाचलेल्यांशी दवाखान्यात तासभर बोलायचं आणि पुढं दीड वर्षात नऊ वेळा फोन करून किंवा भेटून विचारपूस करायची, इतकंच केलं. नेहमीचेच उपचार मिळालेल्या गटात नंतर आत्महत्येनं गेलेले शंभरात दोनांहून थोडे अधिक होते. विचारपूस झालेल्या गटात हजारात दोन. नऊ वेळा विचारपूस करायला पदवी लागत नाही.

बोलायचं कसं? सरळ. ‘भावा, जगूच नये असं मनात येतंय का?’ विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरतो हा गैरसमज आहे. उलट, कुणीतरी विचारलं याचाच माणसाला आधार वाटतो. ऐकताना उपदेश नको, ‘लेकराबाळांकडं बघ’ नको. धोका आत्ताच दिसत असेल तर एकटं सोडू नका, जिवाला अपाय होईल अशा वस्तू घरातून हलवा, १०८ ला फोन करा किंवा थेट अपघात विभागात न्या. एरवी १४४१६ हा ‘टेलिमानस’चा मोफत क्रमांक रात्रंदिवस चालू असतो, मराठीतही बोलता येतं. फोन लावून द्या, शेजारी बसा. गोळ्या सुरू झाल्या तर गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. ‘काय फरक न्हाई’ म्हणून पाचव्या दिवशी त्या बंद होणार नाहीत हे बघायला कुणीतरी लागतं. दवाखान्यातून घरी आल्यानंतरचे पहिले आठवडे तर सर्वांत जोखमीचे.

हे काम तालमींचं आहे, असं मी म्हणतो. पण दोन अडचणी आहेत. पेठेत सगळे सगळ्यांना ओळखतात. कुणाची गोष्ट एकदा कट्ट्यावर फुटली की दुसरा माणूस तोंड उघडणार नाही. म्हणून जीव धोक्यात असेल तेवढं सोडून बाकी सारं पोटात ठेवणारीच माणसं निवडा. आणि तालमीच्या कट्ट्यावर बायका येत नाहीत. त्यांच्यापर्यंत पोचायचं तर बचत गटातली किंवा आशा सेविकांसारखी माणसं यात हवीत.

प्रत्येक मंडळानं दोन पुरुष आणि दोन बायका निवडाव्यात, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या पथकाकडून त्यांना शिकवून घ्यावं आणि फलकावर १४४१६ खाली त्यांची नावं लिहावीत: ‘डॉक्टरांकडं सोबत येऊ.’ नुसत्या क्रमांकाचा फलक कुणीही लावेल. तुमची चार नावं ठरेपर्यंत तो लावू नका. आणि ती ठरवायची बैठक याच आठवड्यात घ्या.