कालप्रवासी डॉक्टर: सुरुवात कुठून?



ब्रिटनमधली 'बिग फिनिश' ही कंपनी
1999 पासून 'डॉक्टर हू' या विज्ञानकथेची श्राव्य नाटकं काढते आहे.
इतकी, की नव्या माणसाला धडकीच भरावी.

पण पहिल्यापासून ऐकायची गरज नाही.

त्यातलं 'स्टॉर्म वॉर्निंग' लावा.
नाटक इंग्रजीत आहे, कान हळूहळू सरावतो.

गोष्टीतलं साल 1930.
हायड्रोजनने फुगवलेलं अवाढव्य हवाई जहाज, आर-101, इंग्लंडहून निघालंय.
कुठे? तेव्हाच्या हिंदुस्थानात, कराचीला!

हे जहाज खरंच होतं, बरं का.
वाटेत फ्रान्समध्ये कोसळून जळालं.

नाटकात त्यावर चार्ली नावाची मुलगी चोरून चढलीय.
तिथेच तिला कालप्रवासी डॉक्टर भेटतो.
पुढचं सांगत नाही!

भाग चारच.
समजा, जळगावहून धुळ्याची एसटी धरलीत.
एरंडोलपर्यंत पहिला भाग आरामात होतो.
पारोळ्यानंतर मात्र उतरावंसं वाटणार नाही.

आवडलं, तर या जोडीची पुढची नाटकं क्रमानेच ऐका.
त्याआधीची राहिली, तर राहू द्या.
पुन्हा सांगतो, पहिल्यापासून ऐकायची गरज नाही.

आणि हो, एसटीत इअरफोन लावा.
शेजाऱ्याला त्याची डुलकी प्यारी असते!