तरुण मनाची उभारी

(जयसिंगपूर येथे शिक्षक व पंचायत सदस्यांसमोर केलेले भाषण)



शिरोळ तालुक्याला महापूर नवा नाही. २००५, २०१९ आणि २०२१ साली कृष्णा-पंचगंगेच्या पाण्याने येथील गावे वेढली. पाणी ओसरल्यावर पडक्या घरांचे व बुडालेल्या पिकांचे पंचनामे झाले. वह्या-पुस्तके वाहून गेलेल्या मुलांच्या खचलेल्या मनाचा पंचनामा मात्र कोणत्याच नमुन्यात बसत नाही.

आपण काहीही केले तरी फरक पडत नाही, असा अनुभव वारंवार आला की प्रयत्नच सुटतो, असे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ मार्टिन सेलिगमन यांना १९६०च्या दशकातील संशोधनात आढळले. त्यांनीच १९९८ मध्ये सकारात्मक मानसशास्त्राचा पुरस्कार केला. मनाच्या दुखण्यांप्रमाणे मनाच्या बळाचाही अभ्यास व्हावा, हा त्याचा गाभा. दुःखी मुलाला ‘हसत राहा’ असे सांगणे म्हणजे हे शास्त्र नव्हे.

हे बळ येते कोठून? हवाई बेटांपैकी कौआई येथे १९५५ साली जन्मलेल्या मुलांचा एमी वर्नर यांनी अनेक दशके मागोवा घेतला. अत्यंत प्रतिकूल परिस्थितीत वाढलेल्या मुलांपैकी सुमारे एकतृतीयांश मुले समर्थ व जबाबदार नागरिक झाली. त्यांच्या पाठीशी आपुलकीचे एखादे तरी वडीलधारे माणूस होते, आणि अनेकांवर घरादाराच्या उपयोगी पडणारे एखादे काम सोपविलेले होते.

हे सूत्र आपल्या मातीला परके नाही. जवळच्याच कुंभोज गावी १८८७ साली जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली. गरिबाच्या मुलाला त्यांनी दयेचा विषय केले नाही. वसतिगृहात त्याच्या हाती काम दिले आणि ‘कमवा आणि शिका’ योजनेतून स्वावलंबन दिले. स्वकष्टाने शिकलेल्या मुलाला आपल्या प्रयत्नाचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.

म्हणून माझी विनंती अशी. पूर ओसरल्यावर शाळा शक्य तितक्या लवकर सुरू करावी. प्रत्येक बाधित मुलाची विचारपूस एका ठरावीक शिक्षकाने नियमाने करावी. मोठ्या मुलांकडे लहानांचे वाचन, गमावलेल्या पुस्तकांची यादी, अशी झेपणारी व निर्धोक कामे सोपवावीत. नापास झालेल्यास ‘तुला जमणार नाही’ म्हणण्याऐवजी कोणता धडा अडला, ते विचारावे. मात्र, उभारीच्या नावाखाली मदतीत हयगय नसावी. गळक्या छपराखाली धैर्याचे पाठ रुजत नाहीत. झोप उडालेल्या, जगणे नकोसे झाल्याचे बोलणाऱ्या मुलास उपदेश न करता तज्ज्ञांकडे न्यावे. त्यासाठी २०२२ पासून ‘टेलि-मानस’ची १४४१६ ही निःशुल्क दूरध्वनी सेवा अहोरात्र उपलब्ध आहे.

पूर अडविणे प्रत्येक वेळी आपल्या हाती नसते. पण पुरानंतर एकही मूल एकटे पडणार नाही, एवढे पाहणे शाळेच्या आणि पंचायतीच्या हाती निश्चित आहे.