पक्षाघातानंतरचे पुनर्वसन आणि आभासी वास्तव

पक्षाघाताच्या झटक्यातून माणूस वाचला की घरची मंडळी सुटकेचा निःश्वास टाकतात. खरी परीक्षा मात्र त्यानंतर सुरू होते. घास तोंडापर्यंत जात नाही, सदऱ्याचे बटण लागत नाही आणि बोरिवलीहून चर्चगेटपर्यंत रोज उभ्याने प्रवास करणाऱ्या गृहस्थाला घरातल्या घरात चालण्यासाठी दुसऱ्याचा खांदा लागतो.

मुंबईच्या पश्चिम उपनगरांतील एच विभागात २००५ व २००६ या दोन वर्षांत पक्षाघाताच्या रुग्णांची पद्धतशीर नोंद करण्यात आली. वर्षाकाठी दर लाख लोकांमागे सुमारे १४५ व्यक्तींना प्रथमच पक्षाघात झाल्याचे तीत आढळले. पहिल्या २८ दिवसांत सुमारे ३० टक्के रुग्ण दगावले. वाचलेल्यांपैकी ३८ टक्क्यांहून अधिक लोकांना मध्यम ते तीव्र स्वरूपाचे अपंगत्व आले.

मेंदूचा मृत झालेला भाग पुन्हा जिवंत होत नाही. परंतु निरोगी पेशी नवे दुवे जोडून त्याचे काही काम उचलू शकतात. त्यासाठी एकच हालचाल मन लावून शेकडो वेळा करावी लागते. पहिल्या काही महिन्यांत सुधारणेचा वेग अधिक असतो आणि नेमक्या याच काळात रुग्ण व्यायामाला कंटाळतो.

आभासी वास्तवाचा उपयोग येथे होतो. रुग्ण डोळ्यांवर उपकरण चढवतो किंवा पडद्यासमोर बसतो. समोर भाजीचे दुकान दिसते. त्यातील फळ उचलण्यासाठी तो हात पुढे करतो. त्याची हालचाल यंत्र टिपते आणि हात किती वर गेला हे त्याला तत्काळ दाखवते. भौतिकोपचारतज्ज्ञ रुग्णाच्या प्रगतीनुसार हा खेळ अधिकाधिक कठीण करीत जातात.

तथापि, यंत्राविषयी भाबडी श्रद्धा नको. कॅनडा, अर्जेंटिना, पेरू व थायलंड या देशांतील १४१ रुग्णांवरील अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. नेहमीच्या उपचारांच्या जोडीला काहींना पडद्यावरचे खेळ दिले होते, तर काहींना पत्ते व चेंडू यांसारखे साधे खेळ. दोन्ही गटांची प्रगती सारखीच झाली. २०१७ साली ७२ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेण्यात आला. नेहमीच्या उपचारांऐवजी यंत्र वापरल्याने हाताच्या कार्यात विशेष लाभ दिसला नाही. मात्र त्या उपचारांत यंत्राची भर घालून सरावाचा एकूण वेळ वाढवला, तेव्हा लाभ दिसला. तात्पर्य, गुण सरावाचा आहे. यंत्र हे त्या सरावाचे निमित्त होय.

ही गोष्ट सामान्य कुटुंबाला दिलासा देणारी आहे. मुलुंड वा घाटकोपरच्या चाळीत राहणाऱ्या रुग्णाला उपचारासाठी नेणे म्हणजे जिने उतरवणे, टॅक्सीचे भाडे आणि मुलाची एका दिवसाची रजा. ज्यांना यंत्र परवडत नाही त्यांनी उपचार सोडून देऊ नयेत. कॅरमच्या सोंगट्या उचलणे, शेंगा सोलणे, दोरीवरच्या कपड्यांना चिमटे लावणे हीसुद्धा उपचाराची साधने आहेत. कोणते काम, किती वेळा, हे मात्र तज्ज्ञांना विचारूनच ठरवावे. यंत्र वापरतानाही चक्कर, तोल जाणे व फेफरे यांबाबत दक्षता आवश्यक आहे.

ग्रामपंचायत सदस्यांनी व शिक्षकांनी या कामी पुढाकार घ्यावा. सभागृहाचा एक कोपरा, एक कॅरमबोर्ड आणि भौतिकोपचारतज्ज्ञाची नियमित भेट एवढ्यावरही सरावाला प्रारंभ होऊ शकतो. त्याबरोबरच एक गोष्ट घरोघरी पोहोचवावी : चेहरा एका बाजूला वाकडा झाला, हात लुळा पडला किंवा बोलणे अडखळू लागले, तर चोळत बसू नये, लगेच १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. गुठळी विरघळवणारे औषध साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते. त्या वेळी वाचवलेला प्रत्येक क्षण पुढच्या कित्येक महिन्यांचे कष्ट वाचवतो.